आमचं भांडण मिटवायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

प्रति,
लुकासफिल्म,
प्रेसिडिओ, सॅन फ्रान्सिस्को

विषय : 'द लास्ट जेडाय'वरचं भांडण परस्पर मिटवल्याबद्दल तक्रार

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितोय. तुमच्या 'स्टार वॉर्स'मधला यंत्रमानव सी-थ्रीपिओ आपल्याला साठ लाखांहून जास्त भाषा येतात असं १९७७पासून भेटेल त्याला ऐकवतोय, तेव्हा वाचून घ्यायची सोय तुमच्याकडे आहे. बाकी वाचकांपैकी ज्यांना हे सिनेमे पुढेमागे पाहायचे आहेत त्यांनी इथेच थांबावं. मी सगळं फोडणार आहे.

डिसेंबर २०१७मध्ये रायन जॉन्सनने लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला 'द लास्ट जेडाय' आला आणि स्टार वॉर्सच्या चाहत्यांत उभी फूट पडली. रॉटन टोमॅटोज या सिनेमांना गुण देणाऱ्या साइटवर समीक्षकांनी त्याला नव्वदीच्या घरात बसवलं, प्रेक्षकांनी चाळिशीच्या घरात. हा सिनेमा अधिकृत कथेतून रद्द करा अशी ऑनलाइन मागणी निघाली आणि तिच्यावर लाखाहून जास्त सह्या झाल्या. गंमत म्हणजे त्याच सुमाराला थिएटरच्या दारात प्रेक्षकांचं मत घेणाऱ्या सिनेमास्कोरवाल्यांनी याच सिनेमाला 'ए' श्रेणी नोंदवली. म्हणजे बघून बाहेर पडणारे खूश, आणि घरी जाऊन लिहिणारे संतापलेले. जगभरात १३३ कोटी डॉलरचा धंदा झाला. आधीच्या 'द फोर्स अवेकन्स'ने २०७ कोटी कमावले होते म्हणून तुमच्या हिशेबनीसांना तो घाटा वाटला असेल, पण या आकड्याला पडेल सिनेमा म्हणणं धाडसाचं आहे.

माझी तक्रार त्या सिनेमाबद्दल नाहीच. तो मला आवडतो, काही भाग वगळून. कँटो बाइटच्या जुगारअड्ड्यात फिन आणि रोज जातात तो सगळा मजकूर लांबलेला आहे, आणि अ‍ॅडमिरल होल्डोने आपला बेत हाताखालच्या वैमानिकाला, पो डॅमरनला, दोन वाक्यांत सांगितला असता तर अर्धा सिनेमा घडलाच नसता. तक्रार आहे ती त्यानंतर तुम्ही जे केलंत त्याबद्दल. आमच्यातला वाद हा बिघाड आहे असं समजून तुम्ही दुरुस्तीला निघालात.

तो वाद नेमका कसा होता हे तुमच्यापर्यंत पोचलं असेल असं वाटत नाही. तुमच्यापर्यंत पोचला तो आरडाओरडा. म्हणून जरा बैजवार सांगतो.

'द फोर्स अवेकन्स'चा शेवट आठवा. आयर्लंडच्या स्केलिग मायकल बेटावरच्या दगडी पायऱ्या चढत नव्या सिनेमांची नायिका रे वर जाते. (याच बेटावर पफिन पक्षी एवढे होते की ते फ्रेममधून हटवता येईनात, म्हणून पुढच्या सिनेमात तुम्ही त्यांचे पॉर्ग केलेत. असली जुगाड आम्हाला फार आवडते.) कड्यावर जुन्या सिनेमांचा नायक लूक स्कायवॉकर पाठमोरा उभा. तो वळतो, आणि रे त्याच्या बापाची लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाची तलवार, त्याच्यापुढे धरते. सिनेमा संपला. दोन वर्षं तो हात तसाच पुढे केलेला राहिला. दोन वर्षांत जगभरच्या चाहत्यांनी त्या हाताचं काय होणार यावर किती लिहिलं असेल त्याची गणती नाही. आणि मग लूकने ती लाइटसेबर घेतली, क्षणभर बघितली, आणि खांद्यावरून मागे भिरकावून दिली.

आमच्या थिएटरात त्या क्षणाला निम्मे लोक हसले आणि निम्मे सुन्न झाले. मी हसणाऱ्यांत होतो. शेजारी माझा मावसभाऊ बसला होता, तो दुसऱ्यांत.

आपल्याकडे हा सिनेमा १५ डिसेंबरला लागला. पुढच्या शुक्रवारी 'टायगर जिंदा है' येणार होता, म्हणजे काय बघायचं ते आठवड्याच्या आत बघून घ्या असा हिशेब. आम्ही रात्रीचा शेवटचा खेळ पाहिला आणि पार्किंगमध्ये स्कूटरला टेकून वॉचमन हाकलेपर्यंत भांडलो.

"मामा आहे तो त्याचा!" मावसभाऊ म्हणाला. "झोपलेल्या भाच्यावर शस्त्र उपसतो? कंस आहे का तो?"

मी म्हटलं, उपसलं, चालवलं नाही. क्षणभराचा मोह होता, तो गेला, आणि त्या क्षणाची लाज उराशी धरून माणूस बेटावर जाऊन बसला. शिवाय तो प्रसंग सिनेमात तीनदा येतो: एकदा लूकने आपली बाजू सावरून सांगितलेला, एकदा बेनला, म्हणजे पुढे खलनायक कायलो रेन झालेल्या त्या भाच्याला, दिसलेला, आणि शेवटी लूकने खरा सांगितलेला. जपानच्या कुरोसावाचे सिनेमे पाहिलेल्या माणसाला हा खेळ नवा नाही, आणि तुमच्या जॉर्ज लुकासने तर पहिल्याच 'स्टार वॉर्स'ला कुरोसावाकडून उसनवारी केली होती.

"आणि," मी पुढे रेटलं, "१९८३मध्ये सम्राटासमोर ह्याच लूकने लाइटसेबर फेकून दिली तेव्हा तू टाळ्या वाजवतोस. आता पुन्हा फेकली तर काय बिघडलं?"

"तेव्हा बापाला वाचवायला फेकली होती," तो म्हणाला. "आता वैतागून फेकली."

याला माझ्याकडे आजही धड उत्तर नाही. आणि तो काही एकटा नव्हता. खुद्द मार्क हॅमिलने, ज्याने आयुष्यातला मोठा काळ लूक होऊन काढला त्याने, जॉन्सनला सांगितलं होतं की या पात्राबाबतचे तुझे निर्णय मला मुळातच पटत नाहीत. मग तेच निर्णय त्याने कॅमेऱ्यासमोर जीव ओतून वठवले. मतभेद असा बाळगता येतो, हे तुमच्याच सेटवर तुम्ही बघितलं होतं.

आता मला ज्यासाठी हे सगळं सांगायचं होतं ती गोष्ट. शेवटाकडे क्रेट नावाच्या ग्रहावर लूक एकटा कायलो रेनच्या फौजेसमोर येऊन उभा राहतो. जमिनीवर मिठाचा पांढरा थर, खाली लालभडक माती. कायलो पाऊल टाकतो, वळतो, घसरतो, आणि प्रत्येक हालचालीला पांढऱ्यावर लाल ओरखडा उठतो. लूक त्याच जमिनीवर फिरतो आणि पांढरं तसंच पांढरं राहतं. कारण लूक तिथे नाहीच. तो बेटावर बसून आपली प्रतिमा पाठवतोय. त्याच्या हातातली निळी लाइटसेबर तर थोड्या वेळापूर्वीच आपल्यासमोर दुभंगलेली असते. दाढी काळी, केस नीट कापलेले. सगळे पुरावे डोळ्यांसमोर ठेवलेले.

मला पहिल्या खेपेला यातलं काहीही दिसलं नाही. पावलांचं मला मावसभावाने दाखवून दिलं, दोन दिवसांनी फोन करून. म्हणजे ज्याला सिनेमा आवडला नव्हता तो पुन्हा तिकीट काढून गेला होता, आणि माझ्यापेक्षा जास्त बारकाईने बघून आला होता. "सिनेमा वाईटच आहे," म्हणाला, "पण हे जमलंय."

असे प्रेक्षक पैसे देऊन मिळत नाहीत. तुमच्याकडे ते फुकट होते आणि तुम्ही त्यांना गिऱ्हाइकांच्या तक्रारवहीत टाकलंत.

दुसरा वाद रेच्या जन्माचा. तिचे आईबाप कोण? लूक? त्याचा गुरू केनोबी? चाहत्यांनी वंशवृक्ष काढून ठेवले होते. जॉन्सनने उत्तर दिलं: कुणीही नाहीत. दारूपायी पोरीला विकून टाकणारी भंगारवाली माणसं. आणि सिनेमाच्या शेवटच्या दृश्यात तबेल्यातला एक निनावी पोरगा हात पुढे करतो आणि झाडू आपणहून त्याच्या हातात येतो. लूकच्या स्कायवॉकर घराण्याबाहेरही 'फोर्स' नावाची ती शक्ती आहे, असं चाळीस वर्षांत पहिल्यांदाच एवढ्या स्वच्छपणे कुणीतरी म्हटलं.

मराठी वाचकाला हा प्रश्न सांगावा लागत नाही. शाळेत संस्कृत घेतलेल्या पोरालाही 'दैवायत्तं कुले जन्म मदायत्तं तु पौरुषम्' ही कर्णाची ओळ पाठ असते. आणि कर्णावरून आम्ही जेवढे भांडलोय तेवढे तुम्ही लूकवरून भांडला नसाल. १९६७ साली शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली आणि त्याच वर्षी इरावती कर्व्यांचं 'युगांत' आलं. एकात कर्ण सूर्यासारखा तळपतो, दुसऱ्यात त्याची एकेक चूक शांतपणे मोजली जाते. आमच्या घरात ही दोन्ही पुस्तकं एकाच फडताळात होती. आई एकीच्या बाजूची, काका दुसरीच्या. पुढच्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार 'युगांत'ला मिळाला, म्हणून 'मृत्युंजय'च्या आवृत्त्या निघायच्या थांबल्या नाहीत. दोन्ही बाजूंना बरं वाटेल असा तिसरा कर्ण काढा, अशी मागणी घेऊन कुणी प्रकाशकाच्या दारात गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तुम्ही मात्र तिसरा कर्ण काढलात. डिसेंबर २०१९च्या 'द राइज ऑफ स्कायवॉकर'मध्ये, म्हणजे नव्या तीन सिनेमांपैकी शेवटच्यात, रे जुन्या सिनेमांतला खलनायक सम्राट पॅल्पटिन याची नात निघाली.

इथे एक गोष्ट तुमच्या बाजूने मान्य करतो, कारण ती नेहमी चुकीची सांगितली जाते. 'द फोर्स अवेकन्स'चे दिग्दर्शक जे. जे. अब्राम्सना तुम्ही गदारोळामुळे परत आणलं नाही. आधी ठरलेला दिग्दर्शक कॉलिन ट्रेव्होरो बाहेर पडला सप्टेंबर २०१७मध्ये, अब्राम्स आले तेही त्याच महिन्यात, 'द लास्ट जेडाय' लागायच्या तीन महिने आधी. पण चित्रीकरण सुरू झालं ऑगस्ट २०१८मध्ये. तोवर सह्यांची मोहीम होऊन गेली होती आणि मे महिन्यात तुमचा 'सोलो' हा सिनेमा आपटला होता. तुमच्या बैठकांत काय बोलणं झालं ते मला कळायला मार्ग नाही. पडद्यावर जे दिसतं त्यावरून बोलतो.

पडद्यावर असं दिसतं की सिनेमा कथा सांगायचं सोडून पत्रांना उत्तरं देतोय. लूकने लाइटसेबर फेकल्याचा राग आला होता ना? मग रे ती आगीत फेकते, लूकचा आत्मा येऊन ती वरच्या वर झेलतो आणि जेडाय योद्ध्याच्या शस्त्राचा मान राखावा असं तिला सुनावतो. होल्डोने प्रकाशवेगाने जहाज शत्रूवर घातलं, थिएटरात काही सेकंद टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली, आणि मग कुणीतरी हिशेब मांडला की असं करता येत असेल तर आजवर का नाही केलं? त्यालाही एक वाक्य: लाखात एकदा जमतं ते. कायलोने चिडून फोडलेलं शिरस्त्राण पुन्हा जोडून दिलं. १९७७मध्ये च्युबाका या केसाळ सोबत्याला पदक मिळालं नाही ही ४२ वर्षांची तक्रार, तर त्याच्याही हातात पदक ठेवलं. सत्यनारायणाच्या प्रसादासारखं सगळ्यांच्या तळहातावर थोडं थोडं. कुणी उपाशी राहिलं नाही आणि कुणाचं पोटही भरलं नाही.

सगळ्यात जास्त मला काय लागलं सांगू? च्युबाका मेला असं तुम्ही दाखवता. रेच्या हातून, तिच्या नकळत सुटलेल्या विजेने. केवढा प्रसंग! ती आता स्वतःला कशी सोसणार, असं आम्ही म्हणेपर्यंत कळतं की तो दुसऱ्या जहाजात होता. थोड्या वेळाने थ्रीपिओची स्मृती पुसायची वेळ येते. सिथ, म्हणजे जेडायच्या वैऱ्यांच्या, भाषेतला मजकूर त्याला वाचता येतो पण उच्चारायला बंदी आहे, ती तोडायची तर आठवणी जाणार. तो मित्रांकडे एकदा शेवटचं बघून घेतो. माझ्या डोळ्यात खरोखर पाणी आलं. आणि मग त्याचा यंत्रमानव मित्र आर-टू याने सगळ्या आठवणी परत भरल्या. दोन्ही वेळा तुम्ही दुखवायला हात उगारलात आणि आम्ही कण्हायच्या आत मागे घेतलात. ज्याला कुणालाच दुखवायचं नाही त्याने युद्धाची गोष्ट सांगू नये.

पॅल्पटिन १९८३मध्ये मेला होता. तो कसा परतला हे कुणी नीट सांगितलंच नाही. कसा कोण जाणे, पण आला, एवढ्यावर भागवलं. त्याची जी धमकीची घोषणा आकाशगंगेत घुमली असं सुरुवातीच्या पिवळ्या अक्षरांत लिहिलंय, ती सिनेमात नाहीच. ती ऐकवली गेली 'फोर्टनाइट' नावाच्या व्हिडिओ गेममध्ये, सिनेमा लागायच्या काही दिवस आधी.

मग भांडण मिटलं का? रॉटन टोमॅटोजवर प्रेक्षकांनी याला ८६ टक्के दिले, हे तुम्ही म्हणाल, आणि ते खरं आहे. पण ज्या दारावरच्या पाहणीने वादग्रस्त सिनेमाला 'ए' दिला होता तिने या मनधरणीच्या सिनेमाला 'बी प्लस' दिला, आणि धंदा १०७ कोटींवर आला. समीक्षकांनी तर पन्नाशीच्या आसपास आणून सोडलं. माझ्यापुरतं सांगायचं तर हा सिनेमा पाहून आम्ही दोघे पार्किंगमध्ये थांबलोच नाही. मावसभाऊ म्हणाला, "ठीक होता." मी म्हटलं, "हो, ठीक." त्याने स्कूटर सुरू केली. ज्याची मनधरणी चालली होती त्या गटातला माणूस हा, आणि त्याला दुसऱ्यांदा तिकीट काढावंसं वाटलं नाही.

आता जरा कडू बोलतो.

त्या गदारोळात दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि तुम्ही त्या एकाच पोत्यात भरल्यात. एक आमच्यासारख्यांचं भांडण. दुसरी म्हणजे माणसांच्या अंगावर जाणं. रोज टिकोची भूमिका करणाऱ्या केली मेरी ट्रॅनवर वंशावरून, दिसण्यावरून महिनोन्‌महिने घाण ओतली गेली. स्टार वॉर्समध्ये एवढी मोठी भूमिका मिळालेली ती पहिली गौरेतर स्त्री. जून २०१८मध्ये तिने इन्स्टाग्रामवरचं सगळं पुसून टाकलं. ऑगस्टमध्ये, म्हणजे तुमचं चित्रीकरण सुरू झालं त्याच महिन्यात, तिने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहिला आणि शेवटी आपलं व्हिएतनामी नाव, लोन, ठामपणे सांगितलं. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मॉर्टन बे या संशोधकाने जॉन्सनला उद्देशून केलेली ९६७ ट्विट तपासली. त्यातली साधारण पाचातली एक नकारात्मक होती, आणि त्या नकारातली निम्मी बनावट खात्यांची, खोडसाळांची किंवा राजकीय हेतूने केलेली. उरलेली निम्मी माझ्या मावसभावासारख्यांची. वेगळं काढणं एवढं अवघड नव्हतं.

मग 'द राइज ऑफ स्कायवॉकर' आला आणि १४२ मिनिटांच्या त्या सिनेमात रोजच्या वाट्याला आलं जेमतेम सव्वा मिनिट. तुमच्या पटकथालेखकाने कारण दिलं की तिचे प्रसंग लूकच्या बहिणीसोबत, लेआसोबत, होते आणि लेआ झालेल्या कॅरी फिशरच्या जुन्या चित्रफितीवर बेतलेले ते तुकडे हवे तसे जमले नाहीत. फिशर २७ डिसेंबर २०१६ला गेली, तिच्यासाठी जुन्या फिती जोडून प्रसंग उभे करणं किती जिकिरीचं असेल हे समजतं. पण रोज फक्त लेआजवळच उभी राहू शकते असं कुठे लिहिलं होतं? बाकीचे सगळे जहाजात बसून निघाले तेव्हा तिलाही घेता आलं असतं. कारण काहीही असो, ज्यांनी तिला छळलं त्यांना पडद्यावर काय दिसलं? त्यांना दिसलं की ओरडलं की माणूस बाजूला करतात.

अहमद बेस्टचं तुम्हाला माहीत होतं. १९९९च्या 'द फँटम मेनेस'मधल्या जार जार बिंक्सच्या भूमिकेवरून त्याला इतकं सोलून काढलं होतं की आपण जीव द्यायला निघालो होतो, हे त्याने २०१८च्या जुलैमध्ये सांगितलं. ट्रॅनने इन्स्टाग्राम पुसल्याला महिनासुद्धा झाला नव्हता.

पुढे तुम्ही सुधारलात हे कबूल केलं पाहिजे. मे २०२२मध्ये 'ओबी-वान केनोबी' मालिकेतल्या मोझेस इंग्रमला तसलेच संदेश यायला लागले तेव्हा तुमच्या अधिकृत खात्यावरून तिच्या बाजूने खणखणीत उत्तर गेलं आणि मालिकेचा नायक युआन मॅकग्रेगर स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन बोलला. मालिका कशी होती यावर लोक भांडत राहिले, भांडू दिलंत. इतकंच हवं होतं २०१८मध्ये.

चाहत्यांची बाजूही काही कमी खरी नव्हती, ते लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. तीन सिनेमे काढताना शेवट कुठे आहे हे आधी ठरवलेलं नव्हतं, हे पडद्यावरच दिसत होतं. आराखडा आधी असणं किती महत्त्वाचं हे आपण ठेच खाऊन शिकलो असं पुढे अब्राम्सच म्हणाले. हान, लूक आणि लेआ हे जुन्या सिनेमांचे तिघे नायक नव्या तीन सिनेमांत एकदाही एका चौकटीत आले नाहीत. हान गेला पहिल्यात, लूक दुसऱ्यात, फिशर गेली ती कायमची. ही संधी आता पैसे टाकूनही परत मिळणार नाही. २०१२मध्ये ४०५ कोटी डॉलर मोजून तुमचं घर डिस्नेने घेतलं, त्या रकमेत ही तीन माणसं एकत्र बसवून चहा पाजण्याचा एक प्रसंग नक्की बसला असता. या तक्रारीवर दोन्ही गटांचं एकमत आहे, आणि नेमकी हीच तुम्ही ऐकली नाहीत.

आणि भांडणं होतच आली आहेत हो. १९८०च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'ला आज सगळे डोक्यावर घेतात, पण तेव्हा अर्ध्यात सोडलेल्या शेवटाने कितीतरी जण चिडले होते, आणि 'मी तुझा बाप' असं लूकला सांगणारा खलनायक व्हेडर खरं बोलतोय की खोटं यावर तीन वर्षं तंटा चालला. व्हेडरला आवाज देणाऱ्या जेम्स अर्ल जोन्सलासुद्धा संवाद वाचून वाटलं होतं की हा थापा मारतोय. १९९७मध्ये लुकासने जुन्या सिनेमात हानच्या आधी ग्रीडो या भाडोत्री गुंडाला गोळी झाडायला लावली, तो वाद अजून चालू आहे. 'द फँटम मेनेस'वर तर थुंकायचे लोक. मे २०२४मध्ये तो पंचविशीनिमित्त पुन्हा लागला तेव्हा १९९९ची लहान मुलं आपापली पोरं घेऊन गेली. लुकासने तेव्हा घाबरून पुढच्या दोन सिनेमांत अनाकिनला, म्हणजे पुढे व्हेडर होणाऱ्या पोराला, सोडून दुसराच कुणी नायक केला असता, तर २०२२मध्ये अनाकिन झालेला हेडन क्रिस्टनसन परत आला त्याचं एवढं कौतुक कुणाला झालं असतं?

'अँडोर' ही मालिका घ्या. 'रोग वन'मधल्या एका हेराची मरणाआधीची हकीकत, लाइटसेबर नाही, स्कायवॉकर नाही. कुणीही मागितली नव्हती. टोनी गिलरॉयने ती कुणाला विचारून केल्यासारखी वाटत नाही, आणि २०२२ आणि २०२५च्या दोन्ही हंगामांवर माझा मावसभाऊ आणि मी चक्क एका बाजूला आहोत. काय करावं ते सुचत नाही, इतकं अवघडल्यासारखं झालंय.

तर मागणी अशी. एप्रिल २०२३मध्ये लंडनला तुम्ही रेचा पुढचा सिनेमा जाहीर केलात, डेझी रिडली पुन्हा रे होणार म्हणून. तो जेव्हा कधी कराल तेव्हा त्यात रोज टिको असू द्या, चांगली तासभर. पॅल्पटिनच्या नातेवाइकांना विश्रांती द्या. तबेल्यातला तो झाडूवाला पोरगा एव्हाना मोठा झाला असेल, त्याचं काय झालं ते सांगा. रे चुकली असेल तर चुकू द्या, आणि चुकीची किंमत पुढच्या दृश्यात परत करू नका. आम्ही चिडलो तर चिडू. शिव्या माणसांना पडायला लागल्या तर त्यांच्यापुढे उभे राहा. कथेला पडल्या तर खुशाल पडू द्या.

कळावे,
आपला,
ठाण्याचा एक चाहता

ता. क. – पाठवण्याआधी हे पत्र मावसभावाला वाचायला दिलं. त्याने दोन दुरुस्त्या सुचवल्या आहेत. एक, कँटो बाइटबद्दल मी फार सौम्य लिहिलंय. दोन, लूकबद्दलचं त्याचं मत जराही बदललेलं नाही, आणि तसं ठळक अक्षरांत लिहावं. ठळक लिहीत नाही, पण कळवलं.